केसांची दिशा

शहरातल्या उतारावर शिकले होते मी.
रात्री यंत्र फिरायचं, सकाळी बर्फ
कंगव्याने विंचरल्यासारखा.
पडलं तरी बुडाला जमीन लागायची,
हसायचं, उठायचं.

इथे दवाखान्याच्या दारातून पहिल्या पहाटे
एक पाऊल टाकलं
आणि मांडीपर्यंत गेले.
दुसरं टाकायला पहिलं सापडेना.

ओराझखान कुंपणावर बसून बघत होते.
सत्तरी उलटलेली, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं,
गालात सुकवलेल्या दह्याचा खडा.
"ती दुकानातली पोरं आत ठेव," म्हणाले,
आणि भिंतीशी टेकलेल्या दोन फळ्या पुढे केल्या.
स्प्रूसच्या. माझ्याहून उंच.
तळाला घोड्याच्या पायाचं कातडं, केसांसकट.
"हात फिरव."
पुढून मागे फिरवला: रेशीम.
मागून पुढे: खराटा.
"एवढंच आहे.
मेल्यावरही घोड्याला मागे जायचं नसतं."

एवढंच नव्हतं.
काठी एकच, दोन्ही हातांत, कुशीला, वल्ह्यासारखी.
मला दोन काठ्यांची सवय.
तीन दिवस पडत होते.
आणि इथे पडणं म्हणजे बुडणं:
हात टेकावा तर खांद्यापर्यंत जातो,
खाली कोणी नाही.
कॉलरमध्ये बर्फ, बाहीत बर्फ,
तोंडात बर्फ, त्याला जराशी लोखंडाची चव.
काठी आडवी टाकायची, तिच्यावर छाती,
मग गुडघा, मग श्वास.
उठायलाच पाव तास. दुपारपर्यंत
मी उठण्यातच तरबेज झाले होते.

आई म्हणायची, पाय रोवून उभी राहा.
शाळेत, नोकरीत, सासूसमोर
मी रोवतच आले.
इथे जो रोवतो तो जातो.

"टाचांवर भार दे. उतारावर घोडी बसते तशी."
"घोडी बसते?"
एका डोळ्याने त्यांनी मला नीट पाहिलं.
"तू कधी बसलीयस का घोडीवर?"
नव्हते.
कझाक घरातली, आणि घोडीवर नाही:
हे मी गावात कुणाला सांगितलं नव्हतं.
त्यांनीही पुढे कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी निरोप आला.
वरच्या हिवाळी घरात कुल्याश,
आठवा महिना, पाय सुजलेले, डोळ्यांपुढे काजवे.
रक्तदाबाचं यंत्र मी शालीत गुंडाळून पोटाशी बांधलं,
गारठलं तर ते खोटं बोलतं.
ते पुढे, मी मागे. चढणीवर कातडं
मांजरीसारखं धरून राहिलं.

मग माथा, आणि खाली झाडंच झाडं.
"बुंध्यापाशी जाऊ नकोस. तिथे बर्फ पोकळ असतो.
गेल्या साली वासरू गेलं."
एवढं बोलून ते निघून गेले.
मागे नुसता पांढरा धूर.

मी टाचांवर बसले.
गुडघे दिसेनासे झाले, मग मांड्या.
आवाज नाही. कमरेपासून खाली
मी कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं,
आणि मी शोधलंही नाही.
दोन स्प्रूस आले, गेले,
त्यांच्यामधली वाट कोणीतरी माझ्यासाठी
उघडून धरल्यासारखी,
किती वेळ, दहा श्वास असतील.
मग कुल्याशचा कुत्रा भुंकला, मी त्याच्याकडे बघितलं
आणि नाकावर पडले.

वरचा एकशे सत्तर. खालचा शंभराच्या पुढे.
मी दोनदा मोजलं, यंत्र ऊबदार होतं.
"आत्ता निघायचं," मी म्हटलं.

घसरगाडीला घोडी जुंपली,
नवरा पुढे बर्फ तुडवत,
आमच्याच खुणांवरून परत.
ओराझखानांची एक सरळ रेघ,
आणि तिच्या बाजूने माझे खड्डे.
प्रत्येक खड्ड्याशी घोडी थबकायची.
गोधड्यांच्या ढिगातून कुल्याश विचारायची,
"इथेही?"
"इथेही."
जरा वेळाने पुन्हा, हसू दाबत,
"इथेही?"
मी तिची नाडी धरून होते.
"बोलू नकोस," मी म्हटलं. "इथे दोनदा."